रोग विषामुळे होतो, मग लस विषाविरुद्धच का नाही?

संशोधनाचे आराखडे वाचताना आणि पीएच.डी.च्या मुलाखती ऐकताना एक वाक्य हमखास भेटतं: "या जंतूचं अमुक टॉक्सिन रोगाला कारणीभूत आहे, म्हणून ते लसीसाठी उत्तम टार्गेट आहे." ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की त्यातल्या 'म्हणून' या शब्दापाशी कुणी थांबत नाही. समोरच्या परीक्षकाने तिथेच थांबवलं, तर मात्र पंचाईत होते.

आजचा लेख त्या 'म्हणून'बद्दल आहे. उदाहरण घेतलंय कॉलऱ्याचं, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत पटकीचं. कारण एकच: जंतूच्या विषामुळे पोटाचा आजार होतो हे जितकं स्वच्छपणे कॉलऱ्यात सिद्ध झालंय, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या आजारात झालं असेल. म्हणजे 'विष हेच टार्गेट' ही कल्पना कुठे चालायलाच हवी असेल, तर ती इथे. ती खरंच किती चालली ते बघू.

हा प्रश्न जुना नाही

कॉलरा म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला आजार, असं नागपुरात बसून वाटू शकतं. पण जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. साथीचा संबंध विहिरीच्या दूषित पाण्याशी होता. पावसाळा, उघडी विहीर, दवाखान्यापासूनचं अंतर, सगळं आपल्या ओळखीचं. वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले नाहीत तर धडधाकट माणूससुद्धा काही तासांत जाऊ शकतो. त्यामुळे लसीचं टार्गेट कोणतं, हा प्रश्न फक्त पेपर लिहिण्यापुरता नाही. चुकीचं टार्गेट निवडलं तर दहा वर्षं आणि हजारो लोकांवरची चाचणी वाया जाते, आणि साथ काही थांबून राहत नाही.

परळ आणि कलकत्ता, १९५९

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात काम करताना शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. पण अंदाज सिद्ध व्हायला पंचाहत्तर वर्षं गेली. मधल्या काळात वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले, कॉलऱ्याची लस टोचत फिरले. पुढे मुंबईत प्लेगची लस त्यांनी केली आणि परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचंच नाव मिळालं.

विष सापडायला इतका उशीर का झाला? मुख्य अडचण होती ती प्राण्याची. मोठ्या प्राण्यांना कॉलऱ्याचे जंतू पाजले तर त्यांना माणसासारखा कॉलरा होत नाही. आणि जंतू टोचून प्राणी मेला, तरी तो कॉलऱ्याने मेला असं म्हणता येत नाही. योग्य प्रतिरूप नसेल तर योग्य प्रश्नाचंही उत्तर येत नाही.

ही कोंडी भारतातल्या दोन प्रयोगशाळांनी फोडली. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद तुकड्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. ही पद्धत १९५३ ची. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला, म्हणजे जंतुरहित द्रव त्याच पद्धतीने वापरला, आणि तुकडा तरीही फुगला. जंतू नाही, तरी पाणी सुटतंय. म्हणजे जंतूने बाहेर सोडलेला पदार्थच हे करतोय.

मुंबईत हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या वाटेने गेले. त्यांनी सशाची पिल्लं निवडली, साधारण दहा दिवसांची. या वयात त्यांना जंतू दिले तर माणसासारखे जुलाब होतात, हे त्यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. १९५९ मध्ये दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जंतू फोडून मिळवलेला, जिवंत जंतू नसलेला अर्क अशा पिल्लांच्या पोटात सोडला. जुलाब झाले.

दोन्ही प्रयोग एकमेकांशेजारी ठेवून वाचा, कारण ते अगदी एकच गोष्ट सांगत नाहीत. जंतू फोडून मिळवलेल्या अर्कात सगळंच असतं: बाहेर सोडायचं विष, आतली प्रथिनं, भिंतीचे तुकडे. त्यातून 'जिवंत जंतूशिवायही रोग होतो' एवढं कळतं. डे यांच्या गाळलेल्या द्रवात बाहेर सोडलेले पदार्थ मुख्यतः असतात, म्हणून 'विष बाहेर सोडलं जातं' हे तिथून कळतं. पण आतड्याचा बांधलेला तुकडा म्हणजे आजारी प्राणी नव्हे. पूर्ण आजार पिल्लांमध्ये दिसतो. पुढे अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी पिल्लांचं हेच प्रतिरूप वापरून विषाचा माग काढला, आणि १९६९ मध्ये जोसेफ लोस्पालुटो यांच्याबरोबर ते शुद्ध केलं. परळमधल्या त्या पिल्लांचं ऋण किती मोठं आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

विष नेमकं करतं काय

कॉलरा टॉक्सिनचे दोन भाग आहेत. 'बी' भाग पाच सारख्या तुकड्यांचं कडं आहे. त्याचं काम चिकटणं. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर जीएम-१ नावाचा एक साखर जोडलेला स्निग्ध रेणू असतो, त्याला हे कडं घट्ट धरतं. 'ए' भाग एकच असतो आणि खरा उद्योग तो करतो. पेशीत शिरून तो एका प्रथिनाला रासायनिक खूण लावतो. त्यामुळे सीएएमपी हा निरोप्या रेणू तयार करणारा एन्झाइम बंदच होत नाही. नळाची चकती झिजली की नळ कितीही आवळा, गळतच राहतो, तसं. सीएएमपी वाढला की पेशी क्लोराइड बाहेर टाकते, त्यामागे सोडियम आणि पाणी जातं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

एक, हे सगळं आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर घडतं. विष रक्तातून फिरत नाही, जंतूही रक्तात शिरत नाही.

दोन, एकटा 'बी' भाग निरुपद्रवी आहे. तो फक्त चिकटतो. म्हणजे लसीत घालायला तो आयता सापडला.

तीन, ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढण्याची पेशीची दुसरी वाट या गोंधळातही चालू राहते. ओआरएस चालतं ते याच जोरावर. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं.

टॉक्सॉइडचा जुना विजय

विषाविरुद्ध लस ही कल्पना कॉलऱ्याच्या कितीतरी आधी यशस्वी झाली होती. धनुर्वात आणि घटसर्प या दोन्ही आजारांत खरं नुकसान करतं ते विष. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की विषाला निष्प्रभ करणारा गुण रक्ताच्या सीरममध्ये असतो आणि तो दुसऱ्या प्राण्याला देता येतो. १९२० च्या दशकात गास्तों रामों यांनी फॉर्मालिनने विषाची नांगी मोडून, पण आकार बराचसा शाबूत ठेवून टॉक्सॉइड तयार केलं. आज आपल्या बाळांना जी त्रिगुणी लस मिळते, तिच्यात हीच दोन टॉक्सॉइड असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नावच बघा. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं सुरुवातीचं उत्पादन धनुर्वाताविरुद्धचं सीरम होतं.

मग कॉलऱ्यातही विष शुद्ध मिळाल्यावर हाच विचार होणं स्वाभाविक होतं: निष्प्रभ करा, टोचा, झालं.

एका चाचणीत दोन टॉक्सॉइड

बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे. तिथे कॉलरा दरवर्षी येतो आणि गावागावाची नोंद ठेवली जाते. १९७४ मध्ये तिथे निष्प्रभ केलेल्या कॉलरा टॉक्सॉइडची मोठी चाचणी झाली. लस दंडात टोचायची होती. तुलनेच्या गटाला कोरं पाणी न टोचता धनुर्वात-घटसर्पाचं टॉक्सॉइड दिलं गेलं, म्हणजे त्यांनाही काहीतरी उपयोगाचं मिळावं.

निकाल काय आला? कॉलरा टॉक्सॉइडने संरक्षण दिलं ते थोडं आणि अल्पकाळ. सार्वजनिक आरोग्यासाठी वापरावी अशी ती लस ठरली नाही.

आता गंमत बघा. पुढच्या वर्षांत त्याच मतलबच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तुलनेच्या गटातल्या ज्या बायकांना धनुर्वाताचं टॉक्सॉइड मिळालं होतं, त्यांची बाळं पहिल्या दोन आठवड्यांत कमी दगावल्याचं दिसलं. नवजात बाळाचा धनुर्वात नेमका याच दिवसांत होतो.

एकच गाव, एकच मोहीम, दोन्ही टॉक्सॉइडच, दोन्ही दंडात टोचलेली. एक जवळजवळ निकामी ठरलं, दुसऱ्याने तुलनेचं म्हणून दिलेलं असूनही बाळं वाचवली. आपला 'म्हणून' इथे अडकतो.

फरक पडला तो जागेमुळे. दंडात टोचलेल्या लसीमुळे मुख्यतः रक्तात आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी तयार होतात. धनुर्वाताचं विष जखमेतून मज्जातंतूंकडे निघतं, तेव्हा या अँटिबॉडी त्याला वाटेतच गाठतात. त्या वारेतून बाळापर्यंतही पोचतात. कॉलऱ्याचं विष मात्र रक्ताच्या वाटेला जातच नाही. जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो, विष तिथेच सोडतो, आणि ते तिथल्याच पेशीला धरतं. रक्तातल्या अँटिबॉडीचा फार थोडा भाग आतड्याच्या पोकळीत पोचतो. पोलीस ठाण्यात शिपाई भरपूर आहेत, पण चोरी ज्या गल्लीत होतेय तिथे गस्तच नाही. गल्लीतली गस्त म्हणजे आयजीए प्रकारची अँटिबॉडी, आणि ती वाढवायची तर लस बहुधा तोंडावाटे द्यावी लागते.

तोंडावाटे, 'बी' भागासह आणि 'बी' भागाशिवाय

हे लक्षात आल्यावर स्वीडनमध्ये यान होल्मग्रेन आणि आन-मारी स्वेनरहोल्म यांनी वेगळी लस बांधली: मारलेले संपूर्ण जंतू आणि त्यांच्या जोडीला शुद्ध 'बी' भाग, तोंडावाटे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं होतं की जंतूविरुद्धच्या आणि विषाविरुद्धच्या अँटिबॉडी एकत्र असल्या तर संरक्षण दोघांच्या नुसत्या बेरजेपेक्षा जास्त मिळतं.

१९८५ मध्ये पुन्हा मतलबमध्येच चाचणी झाली. या चाचणीची रचना मला फार आवडते. तीन गट होते. पहिल्याला मारलेले जंतू अधिक 'बी' भाग. दुसऱ्याला फक्त मारलेले जंतू. तिसऱ्याला तुलनेसाठी निरुपद्रवी ई. कोलायचे मारलेले जंतू. दुसऱ्या गटामुळे 'बी' भागाची कमाई वेगळी मोजता येते. तो गट नसता, तर लस चालली एवढंच कळलं असतं. कशामुळे चालली ते कळलं नसतं.

पहिल्या काही महिन्यांत 'बी' भागवाल्या लसीचं संरक्षण ८५ टक्के होतं, नुसत्या जंतूंचं ५८ टक्के. म्हणजे तुलनेच्या गटात १०० जणांना कॉलरा झाला, तर तितक्याच मोठ्या पहिल्या गटात सुमारे १५ जणांना आणि दुसऱ्यात सुमारे ४२ जणांना झाला. विष टार्गेट म्हणून जिंकलं म्हणायचं?

थोडं थांबा. तीन वर्षांचा हिशेब केला तेव्हा आकडे आले ५० टक्के आणि ५२ टक्के. 'बी' भागाचा फायदा वर्षभराच्या आत विरला होता. टिकलं ते जंतूच्या शरीराविरुद्धचं संरक्षण. लहान मुलांत तर दोन्ही लसींचं संरक्षण कमी काळ टिकलं, आणि कॉलऱ्याचा धोका जास्त असतो तो त्यांनाच.

याच निष्कर्षाची साक्ष निसर्गानेही दिली. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये, मग कलकत्ता आणि बांगलादेशात ओ-१३९ नावाचा नवा प्रकार पसरला. त्याचं विष जुन्या ओ-१ प्रकारासारखंच होतं. बदललं होतं ते बाहेरचं साखरेचं आवरण. विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती हीच मुख्य ढाल असती, तर आयुष्यभर कॉलऱ्याच्या प्रदेशात राहिलेल्या मोठ्या माणसांना या नव्या प्रकाराची फारशी झळ बसायला नको होती. पण आजारी पडले त्यांत प्रौढच मोठ्या संख्येने होते.

म्हणून पुढच्या लसीत 'बी' भाग चक्क वगळला गेला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शँकॉल ही लस फक्त मारलेल्या जंतूंची होती. २००६ मध्ये कोलकात्यात सुमारे ६७ हजार लोकांवर तिची चाचणी सुरू झाली. दोन डोस, आणि पाच वर्षांत मिळून ६५ टक्के संरक्षण. २००९ मध्ये तिला भारतात परवानगी मिळाली. 'बी' भाग नसल्याचा व्यावहारिक फायदाही मोठा. 'बी' भाग जठरातल्या आम्लात मोडतो, म्हणून तो असलेली ड्युकोरल ही लस सोड्याच्या द्रावणात मिसळून प्यावी लागते. शँकॉल तशीच तोंडात ओतता येत असे. मेळघाटासारख्या ठिकाणी, जिथे आरोग्यसेविकेला चिखल तुडवत पाड्यावर जायचंय, तिथे प्रत्येकाला पेलाभर स्वच्छ पाणी आणि सोडा लागणं किंवा न लागणं, हा फरक किरकोळ नाही.

मग 'बी' भाग अगदीच फुकट गेला का? नाही. ई. कोलायचा जो प्रकार प्रवाशांना आणि लहान मुलांना जुलाब करतो, त्याचं एलटी हे विष कॉलऱ्याच्या विषाशी सुमारे ८० टक्के मिळतंजुळतं आहे. मतलबमध्ये 'बी' भागवाल्या लसीने या जुलाबांपासूनही काही महिने संरक्षण दिलं. साथ दारात असताना लवकर आणि जोरकस संरक्षण हवं असेल, तर 'बी' भागाला अर्थ आहे. पाच वर्षं टिकणारं हवं असेल, तर नाही. टार्गेट 'चांगलं' की 'वाईट', हे लस कुणासाठी आणि किती काळासाठी यावर ठरतं.

जठर आणि मोठं आतडं: हाच धडा, वेगळे जंतू

आता जरा वर, जठराकडे जाऊ. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या बुळबुळीत थरात वर्षानुवर्षं राहतो, अल्सर करतो आणि जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. त्याची दोन प्रसिद्ध हत्यारं म्हणजे व्हॅकए आणि कॅगए. व्हॅकए पेशीत पोकळ्या पाडतं, कॅगए सुईसारख्या यंत्रणेतून पेशीत टोचलं जातं. ही दोन आणि नॅप हे तिसरं प्रथिन मिळून दंडात टोचायची लस तयार झाली. जर्मनीत काही निरोगी स्वयंसेवकांना ती देऊन नंतर मुद्दाम जंतू पाजले. २०१८ मध्ये निकाल छापून आला: लस सुरक्षित होती, अँटिबॉडी तयार झाल्या, पण तुलनेच्या गटापेक्षा जास्त संरक्षण मिळालं नाही.

चीनमध्ये दुसरा रस्ता धरला गेला. तिथे टार्गेट होतं युरिएझ. हे विष नव्हे. या एन्झाइमच्या जोरावर जंतू आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि जठरात तग धरतो. युरिएझचा तुकडा ई. कोलायच्या एलटी विषाच्या 'बी' भागाला जोडून ४,४६४ शाळकरी मुलांवर तोंडावाटे लसीची चाचणी झाली. २०१५ मधल्या अहवालानुसार पहिल्या वर्षी संरक्षण ७१.८ टक्के होतं. इथे विषाचा तुकडा आहे, पण टार्गेट म्हणून नाही. तो युरिएझला आतड्याच्या प्रतिकारयंत्रणेपर्यंत नेणारा वाहक आहे.

एक सावधगिरी. या दोन चाचण्यांवरून 'युरिएझ चांगलं, व्हॅकए वाईट' असं लिहून मोकळे होऊ नका. टार्गेट वेगळं, तसा देण्याचा मार्गही वेगळा, वय वेगळं. एकीकडे मुद्दाम पाजलेले जंतू, दुसरीकडे नैसर्गिक संसर्ग. एका वेळी चार गोष्टी बदलल्या असतील, तर श्रेय एकीलाच देता येत नाही. मतलबच्या १९८५ च्या चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलली होती, तिचं मोल इथे कळतं.

आणि मोठ्या आतड्यातला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. अँटिबायोटिकच्या लांबलेल्या उपचारानंतर हा उपटतो. नुकसान करतात त्याची ए आणि बी ही दोन विषं. फायझरने या दोन्हींच्या टॉक्सॉइडची टोचायची लस १७ हजारांहून जास्त लोकांवर तपासली. २०२२ मध्ये निकाल आला: आजार टाळण्याचा मुख्य निकष गाठला नाही. पण ज्यांना आजार झाला, त्यांच्यात वैद्यकीय उपचार घ्यावे लागलेले लसवाल्या गटात शून्य होते, तुलनेच्या गटात अकरा. म्हणजे विषाविरुद्धच्या लसीने जंतूला घरात येण्यापासून रोखलं नाही, पण मोडतोड कमी केली. विष टार्गेट केलं की मिळतं ते अनेकदा हेच: संसर्ग थांबत नाही, आजार सौम्य होतो. चाचणी आखताना तुम्ही काय मोजणार आहात, यावर तुमची लस पास की नापास हे ठरतं.

तुमच्या आराखड्यासाठी

रोगाचं कारण शोधणं आणि लसीचं टार्गेट शोधणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजार ही एक साखळी असते. दूषित पाणी, तोंड, जठरातलं आम्ल, अस्तराला चिकटणं, वाढ, विष, पेशीतली गळती, जुलाब. विष ही त्यातली एक कडी. ती सगळ्यात ठळक दिसते, पण तीच तोडायला सोपी असेल असं नाही. म्हणून 'म्हणून' लिहिण्याआधी स्वतःला एवढं विचारा:

१. विष कुठे काम करतं? रक्तात, पेशीच्या आत, की पोकळीत? माझ्या लसीमुळे तयार होणारी अँटिबॉडी त्या जागी, त्या वेळी पोचते का?

२. विष काढून टाकलं तर जंतू निरुपद्रवी होतो का? कॉलऱ्याच्या जंतूतून विषाचा जीन काढून केलेल्या सुरुवातीच्या काही जिवंत लसींनीही स्वयंसेवकांना सौम्य जुलाब झाले होते. हत्यार एकच असतं असं नाही.

३. जंतू विष बदलू शकतो का, किंवा विष तेच ठेवून आवरण बदलू शकतो का? ओ-१३९ आठवा.

४. मला काय थांबवायचंय: संसर्ग, आजार, की आजाराची तीव्रता? आणि किती महिन्यांसाठी?

५. माझ्या प्रयोगात असा गट आहे का, ज्यात फक्त विषाचा भाग वगळलाय? नसेल तर विषाची कमाई मी कशी मोजणार?

६. माझा प्राणी या प्रश्नासाठी योग्य आहे का? बांधलेलं आतडं एक सांगतं, सशाचं पिल्लू दुसरं सांगतं. आणि उंदराच्या रक्तात अँटिबॉडी वाढली, हे 'लस चालली' याचं उत्तर नाही. जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या रक्तातही अँटिबॉडी वाढल्या होत्याच.

या सहापैकी चारांची उत्तरं तुमच्याकडे असतील, तर मुलाखतीत घाबरायचं कारण नाही. उरलेल्या दोन प्रश्नांवर तुमचा प्रबंध उभा राहू शकतो.

शेवटी साखळीच्या पहिल्या कडीबद्दल, कारण ती नागपूरची आहे. डे आणि दत्ता यांचे पेपर आले त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था सुरू झाली. तिलाच आज आपण नीरी म्हणून ओळखतो. घरगुती विहिरीसाठी दुहेरी मडक्याची पद्धत नीरीने दिली, ती वैद्यकीयची मुलं आजही पाठ्यपुस्तकात वाचतात. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू यांचं किंचित ओलसर मिश्रण आतल्या मडक्यात भरायचं. ते भोक पाडलेल्या दुसऱ्या मडक्यात ठेवायचं आणि दोरीने पाण्याखाली किमान एक मीटर सोडायचं. सुमारे साडेचार हजार लीटर पाण्याच्या लहान विहिरीत क्लोरीन दोन-तीन आठवडे हळूहळू झिरपत राहतो. यात विषाचा, जीएम-१ चा, आयजीएचा काही संबंध नाही. पण जंतू मडक्यापाशीच मेला, तर पुढच्या सगळ्या कड्या आपोआप गळतात.

म्हणून लस नको असं मुळीच नाही. साथ पेटल्यावर सगळ्या विहिरींपर्यंत पोचेपर्यंत दोन तोंडी डोस फार मोठं काम करतात. एवढंच की संशोधक म्हणून आपण ज्या कडीवर हात ठेवू, ती आपल्या हाताने तुटते का, हे आधी तपासावं.